साखरमुक्त गल्ली

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर ती कुठल्या प्रकारची आहे हे तुम्ही आत्ता, कागद न बघता सांगू शकाल का?

'शुगर म्हणजे शुगर, तिच्यात कसले आलेत प्रकार?' असं तुमच्या तोंडात आलं असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठीच आहे. माझ्याही तोंडात तेच आलं होतं. फरक एवढाच की मी ते नुसतं बोलून थांबले नाही. मी ते छापलं. पिवळ्या कागदावर, पाचशे प्रती.

छापणं आमच्या घरात अवघड नाही. आप्पा निपाणीतल्या एका लहानशा छापखान्यात कामाला आहेत. आई घरी विड्या वळते. विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं, तंबाखू पिकवणाऱ्यांची पत्रकं, सीमाप्रश्नाची पत्रकं, सगळी आप्पांच्या हाताखालून जायची आणि बिघडलेल्या प्रती आमच्या घरी यायच्या. पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळं मला 'कमळ' यायच्या आधी 'निषेध' आला. तिसरीत असताना बाईंनी खेळाचा तास रद्द केला, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती: 'जाहीर निषेध. मागणी मान्य न झाल्यास आंदोलन तीव्र करण्यात येईल.' बाईंनी आप्पांना बोलावून चिठ्ठी दाखवली. आप्पांनी ती दोनदा वाचली आणि मला एवढंच विचारलं, "खाली तारीख का घातली न्हाईस?"

माझी धाकटी बहीण याच घरात वाढली, पण ती पत्रकांची विमानं करायची.

आप्पांना शुगर होऊन आठ वर्षं झाली. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, आणि मधल्या वेळात आईची नजर. आमच्या गल्लीत हे काही विशेष नाही. चार बायका विड्यांची सुपं घेऊन दारात बसल्या की एकमेकींच्या नवऱ्यांची शुगर किती आली याची अशी चर्चा चालते, जणू पोरांचे निकाल लागलेत. शुगर म्हणजे काय, ती कशानं होते, काय सोडायचं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. आप्पांची शुगर मी आठ वर्षं बघत होते.

आणि मग गेल्या वर्षी, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे बारावीला असताना, बहिणीला झाली.

आधी ती वाळत गेली. कबड्डी खेळणारी, दंडात बळ असलेली पोरगी, दोन महिन्यांत तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले. पाणी तर अशी प्यायची की आई म्हणायची, "कळशी हितं भरून ठेवतीया का हिच्या पोटात?" आईला वाटलं अभ्यासाचा ताण. मी शिक्षणव्यवस्थेला जबाबदार धरलं होतं आणि त्यावर एक पत्रक अर्धं लिहूनही झालं होतं. ते पुरं व्हायच्या आत बहीण एका सकाळी उलट्या करायला लागली, तिला धाप लागली, आणि गावातल्या डॉक्टरांनी रक्त बघून तडक बेळगावला गाडी धाडली. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. त्या चार दिवसांबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. पाचव्या दिवशी ती वॉर्डात आली आणि मला बघून म्हणाली, "आक्का, तू रडली हैस व्हय? पत्रक न्हाय काढलंस?" तेव्हा मला कळलं, ती वाचली.

वॉर्डातल्या सिस्टर मूळच्या कन्नड घरातल्या, पण मराठी फाडफाड बोलायच्या. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक रंगीत घडीपत्रिका दिली. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

"मराठीत?" मी विचारलं.

"मराठीत आलंच न्हाय बघा. मी तोंडानं सांगते की. ऐका. हिला झालाय तो टाइप वन. तुमच्या वडिलांचा टाइप टू. दोन्ही येगळे हायत. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत न्हाय, म्हणून—"

मी त्यांना तिथंच अडवलं.

का अडवलं ते सांगते. मराठी माणसाला मराठीत माहिती मिळाली पाहिजे, हे माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे. ते बदलायचं कारण नाही. पण मला खरं टोचलं ते 'येगळे'. मी लहानपणापासून वाचलेल्या प्रत्येक पत्रकात शत्रूची पहिली चाल एकच असायची, आपल्यात प्रकार पाडायचे. घरी विडी वळणाऱ्या वेगळ्या, वखारीत काम करणाऱ्या वेगळ्या. निपाणीचे वेगळे, खानापूरचे वेगळे. प्रकार पडले की मोर्चा फुटला. आणि ही बाई आता बाप आणि लेक यांच्यात प्रकार पाडत होती.

"सिस्टर, एका घरातल्या, एका ताटातल्या माणसांत वन आणि टू कोण करतंय? याच्यात कुणाचा फायदा हाय?"

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग बहिणीकडं बघितलं. "ही काय करत्या?"

"लिहिती," बहीण पलंगावरून म्हणाली. "सिस्टर, तुमी एक करा. हिलाबी सलाईन लावा. दोन बाटल्या."

"मराठीत पायजे न्हवं?" सिस्टर मला म्हणाल्या. "मग तुमीच ल्ह्या की. पर छापायच्या आधी मला दाखवा."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी ऐकला.

घरी जाताना दवाखान्यातून इन्सुलिन मिळालं, सुया मिळाल्या, बोटातलं रक्त तपासायचं यंत्र मिळालं आणि ग्लुकोजचा एक डबा मिळाला. डबा देताना सिस्टर काहीतरी सांगत होत्या. हात थरथरले, घाम सुटला, असं काही. बहीण ऐकत होती. मी डब्याकडं बघत होते. साखर वाढली म्हणून ज्या पोरीला चार दिवस मरणाच्या दारात ठेवलं, तिच्या हातात परत साखरेचाच डबा! आधी आजार विकायचा, वर साखरही विकायची! निपाणीची बस संकेश्वरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता.

घरी आल्यावर मी तो डबा परसात लिंबाच्या बुंध्याशी रिकामा केला. पुढचे दोन दिवस तिथं मुंग्या येत होत्या. एका रांगेत, एका दिशेनं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. इतका शिस्तबद्ध मोर्चा मला अजून काढता आलेला नाही.

"डबा कुठाय?" बहिणीनं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"टाकला."

"आक्का, मला कधीमधी साखर लागणार हाय. सिस्टरनी सांगितलंय."

"प्रत्येक व्यसनी माणूस असंच म्हणतो."

नंतर मला कळलं की तिनं कंपासपेटीत दोन चॉकलेटं लपवून ठेवली होती. आपल्याच घरात, आपल्या जिवासाठी लागणारी गोष्ट तिला माझ्यापासून लपवावी लागत होती. आज ते आठवलं की मला त्या मुंग्यांसमोर उभं राहायचीही लाज वाटते.

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. 'एकच शत्रू! एकच लढा! वन-टूची फूट पाडणारी भाषा ओळखा! मधुमेह एकच, त्याचं मूळ एकच: साखर!' खाली तीन कलमं होती. कलम एक, घरात साखरेचा दाणा ठेवणार नाही. कलम दोन, रोज सकाळी उपाशीपोटी तासभर चालणार. कलम तीन, गोड खाताना दिसेल त्याला प्रेमानं पण ठामपणे अडवणार. इन्सुलिनबद्दल मी एक अक्षरही लिहिलं नाही. त्याच्याशिवाय बहीण जगत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेवढी अक्कल शिल्लक होती. आप्पांनी जुळणी केली, छपाई केली, आणि या वेळी तारीख घातल्याबद्दल माझी पाठ थोपटली.

बहिणीनं एक प्रत घेतली, वाचली आणि तिचं विमान करून माझ्या अंगावर सोडलं.

पण गल्ली पेटली. ऐकायची सवय लागलेली गल्ली आहे आमची. इथल्या बायकांनी आयुष्यभर पत्रकं वाचून संप केलेत, रस्ते अडवलेत. मी नुसतं 'कलम एक' म्हटलं आणि घराघरांतून साखरेचे डबे बाहेर निघाले. सगळी साखर एका पोत्यात भरून एका लग्नघरी पोचती केली. गुळाचं काय करायचं, यावर तासभर वाद झाला. कोपऱ्यावरच्या काकूंचं म्हणणं, गूळ गरम पडतो पण साखर नव्हे. मी म्हटलं, गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ, त्याला सोडलं तर लढा अर्धवट राहील. गूळही गेला. गल्लीच्या तोंडाशी आम्ही फळी लावली: 'साखरमुक्त गल्ली'. हंगाम होता. त्या फळीसमोरून रोज उसानं लादलेले ट्रॅक्टर कारखान्याकडं जायचे आणि उसाचं एखादं कांडं फळीखाली पडायचं. मी ते उचलून गल्लीबाहेर फेकायचे.

लढ्याला आदर्श लागतो. तो मान मी आप्पांना दिला. "सहा महिने गोडाला शिवलेला न्हाय हा माणूस!" असं मी त्यांना पुढं उभं करून सांगायचे आणि आप्पा जमिनीकडं बघायचे. मला तो विनय वाटायचा.

एका रविवारी सकाळी सातला फेरी ठरली. गल्लीतून निघायचं, बाजारच्या कोपऱ्यापर्यंत घोषणा देत जायचं, परत येऊन पिंपळाच्या कट्ट्यावर पाच मिनिटं माझं भाषण, आणि मग ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं.

बहिणीनं नेहमीप्रमाणं रक्त तपासलं, इंजेक्शन घेतलं आणि ती ताटावर बसली. आईनं उप्पीट केलं होतं. मी तिचा हात धरला.

"चल. फेरी सुटली. येऊन खा."

"आक्का, टोचून झालंय माझं."

"मग चांगलंच की, औषध पोटात गेलं. आता चाल. कलम दोन, उपाशीपोटी."

"अगं, टोचलं की खायाच लागतंय—"

"खाऊ दे गं पोरीला चार घास," आई म्हणाली.

"आई, पाच मिनिटांचं काम हाय. घरातलीच पोरगी फेरीत नसली तर गल्ली काय म्हनंल?"

बहीण उठली. ती का उठली, हे मी तिला पुढं कितीतरी दिवसांनी विचारलं. ती म्हणाली, "तुझं तोंड बघून. असं वाटलं, आता न्हाय म्हटलं तर माझ्या नावानं निषेध निघतोय."

फेरी छान झाली. मी पुढं, हातात भोंगा. माझ्या मागं आप्पा, खांद्यावर पत्रकांचा गठ्ठा. मग बहीण फलक धरून, मग गल्ली. "साखरेचा—" मी म्हणायचे. "धिक्कार असो!" गल्ली म्हणायची. बाजारच्या कोपऱ्यावर भज्यांचा गाडा लावणाऱ्या मामांनी हात उंचावून पाठिंबा दिला. त्यांना काय, भजी तिन्ही कलमांत कुठंच नव्हती.

परत येऊन मी कट्ट्यावर चढले. भाषण पाच मिनिटांचं होतं. माझ्या हिशेबानं ते पाचच मिनिटं चाललं. बहिणीच्या हिशेबानं पस्तीस.

मध्येच ती म्हणाली, "आक्का, आवर."

"विरोधकांनाही बोलू द्या," मी भोंग्यातून म्हटलं. लोक हसले.

जरा वेळानं ती परत बोलली, पण तिची जीभ जड झाली होती. "आक्का, तुला दोन तोंडं दिसाय लागल्यात. एकानं तरी गप बस की."

लोक परत हसले. मला राग आला. ती माझ्या भाषणाचा विचका करतेय असं मला वाटलं, आणि मी आवाज चढवून आणखी एक मुद्दा घेतला. त्या मुद्द्याच्या मधोमध तिच्या हातातला फलक खाली पडला आणि ती कट्ट्याच्या कडेला खाली बसली. तिचं तोंड घामानं भिजलं होतं. थंडीचे दिवस होते. हात पानासारखे थरथरत होते.

थरथर. घाम. बेळगावचा तो वॉर्ड, सिस्टरांचा आवाज आणि मी न ऐकलेलं सगळं एकदम कानात आलं. डबा. आणि डब्याच्या मागोमाग मुंग्या.

"साखर आणा!" मी ओरडले. भोंगा तोंडाशीच होता.

आणि गल्लीनं, सवयीनं, मुठी वर करून उत्तर दिलं, "आणलीच पायजे!"

"अहो साखर आणा!"

"आणलीच पायजे! आणलीच पायजे!"

कुणी जागचं हललं नाही. मी भोंगा टाकला, कट्ट्यावरून उडी मारली आणि काकूंच्या दारात गेले. "काकू, चमचाभर साखर. लवकर!"

काकूंनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "परीक्षा घेतीयास व्हय आमची? दाणाबी न्हाय घरात. जा, आत जाऊन बघ."

"काकू, खरंच पायजे!"

"खरंच न्हाय!" त्या अभिमानानं म्हणाल्या.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी एका म्हाताऱ्यानं मला बघून "धिक्कार असो" म्हटलं आणि दार लावून घेतलं. गल्लीतलं दुकान नऊला उघडायचं. उघडं असतं तरी काय, दुकानदाराला साखर ठेवू नकोस म्हणून समोर ठिय्या मारून बसले होते ती मीच. चहूबाजूंनी ऊस, आभाळात कारखान्याचा धूर, आणि मला माझ्या बहिणीसाठी चमचाभर साखर मिळत नव्हती. या गल्लीत आजवर एवढं यशस्वी आंदोलन झालं नव्हतं.

मी पळत कट्ट्यापाशी परत आले. बहिणीचं डोकं आईच्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडं बघत नव्हती. कंपासपेटीतल्या चॉकलेटांची गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

तेव्हा आप्पांनी खांद्यावरचा गठ्ठा खाली ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गल्लीकडं बघितलं आणि सुतळी सोडली. वरची वीसेक पत्रकं बाजूला केली. खालच्या पत्रकांना मधोमध चौकोनी भोक होतं. छापखान्यातल्या कटरवर कापलेलं, चारी कडा सरळ. एखाद्या पेटीसारखं. आणि त्या पेटीत, 'एकच शत्रू'च्या पोटात, एक स्टीलची डबी होती. डबीत बत्तासे.

"आप्पा!" मी म्हटलं.

"माझा निषेध मागनं कर. पाणी आण आधी."

त्यांनी बत्तासे मुठीत चुरले, पेल्यात टाकले, आणि आईनं ते पाणी बहिणीला घोट घोट पाजलं. ती गिळत होती. एक पेला झाला. दुसरा झाला. सगळी गल्ली गोल करून उभी होती आणि कुणी घोषणा देत नव्हतं. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मग तिच्या तोंडावर रंग आला, तिनं जीभ ओठांवरून फिरवली आणि ती पहिलं वाक्य बोलली:

"आप्पा, कुठल्या जत्रंतले हायत? वास आलाय की ह्यांना."

आई रडली, हसली, आणि घरातून उप्पिटाचं ताट आणून तिला तिथंच कट्ट्यावर भरवायला बसली. आप्पा गल्लीसमोर हात जोडून उभे राहिले. "सहा महिने न्हाय," ते म्हणाले. "सहा दिवसबी न्हाय." कलम तीन त्या सकाळी गल्लीनं परस्पर रद्द केलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा, बहीण आणि मी बेळगावला गेलो. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पिवळं पत्रक मागून घेतलं, वाचलं.

"डबा कुठाय?"

"मुंग्यांनी नेला," बहीण म्हणाली.

मला वाटलं आता वॉर्डभर आवाज घुमणार. पण सिस्टरांनी खुर्ची ओढली. "बसा. आज मधी बोलायचं न्हाय. तुमच्या निपाणीत पाणी कसं येतंय? नळाला?"

"दोन-तीन दिवसांतनं एकदा."

"बरं. तुमच्या वडिलांच्या घरात टाकी हाय, टाकीत पाणीबी हाय. पर नळाच्या पायपात गाळ बसलाय, पाणी पुढं सरकंना. पाणी म्हंजे इन्सुलिन, समजा. हा टाइप टू. ह्याला गोळी, चालणं, जेवण आवरणं, म्हंजे गाळ काढायचं काम. टाकीबी हळूहळू थकती, मग काही जणांना इन्सुलिनबी घ्यावं लागतं. आता तुमची बहीण. तिच्या घरात पाईप चकाचक, पर टाकीच फुटल्या. तिच्याच अंगातल्या, रोगाशी लढणाऱ्या रखवालदारांनी चुकून फोडल्या. साखर खाल्ली म्हणून न्हाय, आईबापानं काही केलं म्हणून न्हाय. हा टाइप वन. तिला रोज बाहेरनं टँकर लागतो, जलमभर. चालून टाकी भरत न्हाय. आणि टँकर ओतला, पर वापरणारं घरात कुणी न्हाय, म्हंजे जेवलीच न्हाय, वर चालली, तर?"

"घर बुडतं," मी म्हटलं.

"काल तेच झालं. औषधानं साखर उतरत गेली, पोटात काही न्हाय, वर तुमची फेरी. तवा साखरच औषध. शुद्धीवर हाय तोवर तोंडानं द्यायची, वर काहीतरी खायाला द्यायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीबी घालायचं न्हाय, तडक दवाखाना. आणखी एक ऱ्हायलं. पोटुशी बाईला होती ती तिसरी. बाळंतपणानंतर बहुतेकींची जाती, पर पुढं टाइप टूची भीती ऱ्हाती, तपासत ऱ्हायचं. ह्याशिवाय थोडे येगळे प्रकारबी हायत, ते डॉक्टर बघतील. ल्हिलं?"

मी लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं होतं, आणि ते चार मिनिटांत संपलं होतं.

"आणि तुमी," सिस्टर आप्पांकडं वळल्या. "पोरगी वाचली, लई चांगलं झालं. म्हणून बत्तासे तुमच्या गोळ्यांत जमा झाले असं समजू नका." आप्पांनी खिशातून डबी काढली आणि बहिणीच्या हातात दिली.

मग मी पत्रकं परत गोळा करायला निघाले. पत्रक वाटणं किती सोपं असतं ते मला माहीत होतं. परत घेणं किती अवघड असतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. एक प्रत कपाटाच्या कप्प्यात अंथरलेली, तिच्यावर तेलाची बरणी. एक शिलाई मशीनच्या पायाखाली. बरीचशी भज्यांच्या गाड्यावर. मामा त्यांतच भजी बांधून देत होते आणि गिऱ्हाईकं कलम दोन वाचत वाचत तेल पुसत होती. कोपऱ्यावरच्या काकूंची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला सातव्या महिन्यात शुगर निघाली होती आणि माझं पत्रक वाचून ती आठ दिवस उपाशीपोटी फिरत होती. "चक्कर येती, पर तू छापलंयस म्हणून चालती," ती मला म्हणाली. मी तिथंच तिच्या पायाशी बसले. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मीच डॉक्टरांकडं गेले.

पाचशेपैकी तीनशे बारा प्रती परत मिळाल्या. उरलेल्या अजून कुठंतरी आहेत.

नवं पत्रक मी लिहिलं आणि या वेळी छापायच्या आधी बेळगावला घेऊन गेले. सिस्टरांनी लाल पेन काढलं. 'लढा' चार ठिकाणी होता, चारही खोडले. 'शत्रू' खोडला. मराठीच्या हक्कासाठी भांडणारी मी, आणि माझं मराठी पत्रक एक कन्नड बाई सुधारून देत होती. आणि प्रत्येक ठिकाणी तिचंच बरोबर होतं. पहिली ओळ बहिणीनं दिली: 'बापाची शुगर ती लेकीची शुगर नव्हे.' शेवटी मी एक मागणी घातली, की दवाखान्यात ही माहिती रोग्याला त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे. सिस्टरांनी तिथं पेन थांबवलं, जरा विचार केला आणि 'मिळालीच पाहिजे' असं करून दिलं.

'साखरमुक्त गल्ली'ची फळी आता आमच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरात, दाराशेजारच्या कोनाड्यात, साखरेची एक लहान डबी असते. तिला कुणी हात लावत नाही, आप्पासुद्धा नाहीत, असं आप्पा म्हणतात. बहीण पुन्हा कबड्डी खेळते. खेळायच्या आधी खाते, रक्त तपासते, आणि मी मैदानावर दिसले की मैत्रिणींना म्हणते, "थांबा गं, आक्का आलीया. भाषण असंल तर मी आधी जेवून येती."

तेव्हा आता उठा. तुमच्या घरातल्या माणसाची फाईल काढा आणि तिच्यावर कुठला प्रकार लिहिलाय ते वाचा. लिहिलेला नसेल, किंवा वाचता येत नसेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा आणि आपल्या भाषेत लिहून घ्या. तो माणूस इन्सुलिन घेत असेल, तर घरात साखर कुठं ठेवलीय ते सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि तुमच्याकडं माझं पिवळं पत्रक निघालं, तर ते फाडू नका. त्याची पाठकोरी बाजू चांगली आहे. तिच्यावर हे सगळं मोठ्या अक्षरात लिहा, खाली तारीख घाला आणि दारामागं चिकटवा.